पुण्याहून आर्क्टिकला: कपडे आणि साहित्य कसे निवडावे

डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पुण्यात पारा ८-९ अंशांवर उतरला की आपण कानटोप्या बाहेर काढतो आणि यंदा गारठा फार आहे असे एकमेकांना सांगतो. आपल्या कपाटातले सगळे गरम कपडे याच गारठ्याच्या मापाने घेतलेले असतात. त्यामुळे आर्क्टिकला निघालेल्या पुणेकराला वाटते की हेच कपडे आणखी जाड आणि आणखी जास्त नेले की झाले. मी आणि माझी धाकटी बहीण फेब्रुवारीच्या अखेरीस नॉर्वेतील ट्रॉम्सोला आणि तिथून आणखी उत्तरेकडच्या स्वालबार्ड या द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येनला गेलो, तेव्हा आम्हीही तसेच केले होते. त्यात पैसे गेले, सामानाचे वजन वाढले आणि दोन वेळा जिवाला घोर लागला.

तिथे गेल्यावर जे कळले ते आधीच सांगते, म्हणजे पुढच्या पायऱ्यांमागचे कारण लक्षात येईल. कपडा स्वतः ऊब देत नाही. शरीराने निर्माण केलेली उष्णता तो धरून ठेवतो, आणि हे काम प्रत्यक्षात कपड्यांच्या धाग्यांत व थरांमध्ये अडकलेली कोरडी, स्थिर हवा करते. घामाने ती हवा ओली होते, घट्ट कपड्याने ती दाबली जाते आणि वाऱ्याने ती उडून जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे एकदा ध्यानात ठेवले की दुकानात उभे राहून "हे घ्यावे की ते" असा प्रश्न पडला तर उत्तर आपोआप मिळते.

१. आधी ठिकाण आणि महिना पक्का करा

आर्क्टिक म्हणजे सगळीकडे सारखीच थंडी असे नाही. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर आहे, पण अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथे फेब्रुवारीतले सरासरी तापमान उणे ३-४ अंशांच्या आसपास राहते. समुद्रापासून आत गेले की चित्र पालटते. नॉर्वेच्याच करास्योक या गावी १८८६ मध्ये उणे ५१.४ अंशांची नोंद झाली होती, आणि स्वीडनमधील किरुना किंवा फिनलंडच्या लॅपलंडमध्ये हिवाळ्यात उणे २५ अंश ही बातमीही होत नाही. ७८ अंश उत्तरेवरील लाँगयिअरब्येनमध्ये थंडी आणि वारा दोन्ही असतात.

नवख्या माणसाला एक गोष्ट उलटी वाटेल. शून्याच्या आसपासची थंडी कपड्यांची परीक्षा जास्त कडक घेते, कारण तिथे बर्फ ओला असतो, मधूनच पाऊस पडतो आणि रात्री सगळे पुन्हा गोठते. उणे २५ अंशांत बर्फ पिठासारखा कोरडा असतो आणि जॅकेटवरून झटकता येतो. म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्याने बाहेरच्या थराच्या जलरोधकतेवर खर्च करावा, तर आत जाणाऱ्याने उबेच्या मधल्या थरावर. जुलैमध्ये स्वालबार्डच्या जहाज-सफरीला जाणार असाल, तर तापमान शून्याच्या वरच असते; तेव्हा चांगला रेनकोट, जलरोधक पँट आणि रबरी बूट यांना पिसांच्या जॅकेटपेक्षा जास्त महत्त्व द्या.

हवामानाच्या अंदाजात आकड्याबरोबर वाऱ्याचा वेगही पाहा. उणे १० अंश तापमानाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० इतके जाणवते. उणे २० असेल तर उणे ३३. त्या पातळीला उघडे गाल आणि नाक १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात.

२. खरेदीआधी आयोजकांना लेखी विचारा

माझे सर्वांत जास्त पैसे इथे वाया गेले. कुत्र्यांनी ओढायची बर्फावरची गाडी (स्लेज), बर्फावर चालणारी मोटारगाडी (स्नोमोबाइल), ध्रुवीय प्रकाश पाहण्याची रात्रीची सफर अशा बहुतेक सफरींत अंगभर येणारा जाड सूट, बूट आणि पुष्कळदा जाड हातमोजेही सफरीच्या शुल्कातच मिळतात. आम्हाला हे ठाऊक नव्हते. पुण्याच्या कॅम्प भागातल्या एका दुकानदाराने "ध्रुवावर चालेल असे" म्हणून जे भारी जॅकेट माझ्या गळ्यात घातले, ते सहा दिवसांत दीड दिवस अंगावर होते. म्हणून ईमेल करून विचारा: काय काय देता, माझ्या मापाचे आहे का, ते दिवसभर मिळते की केवळ सफरीपुरते, आणि चष्मा वापरणाऱ्यासाठी गॉगल आहे का. उत्तर आल्यावरच यादी करा.

३. अंगावरचे तीन थर

पहिला थर त्वचेला लागून असतो आणि त्याचे काम घाम टिपून बाहेर ढकलणे हे आहे. मेरिनो (मऊ लोकरीच्या मेंढ्यांची एक जात) लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल घ्या. सुती कपडा या थरात अजिबात नको. आतला टी-शर्टसुद्धा नको. मी सवयीने थर्मलच्या आत सुती टी-शर्ट घातला होता. ट्रॉम्सोजवळ स्लेज चढावर आली की आम्हाला उतरून ती ढकलत पळावे लागे. दहा मिनिटांत मला पुण्यातल्या मे महिन्यासारखा घाम आला. मग सपाटीवर आलो, मी स्लेजवर बसले, आणि थोड्याच वेळात पाठीवर कोणी बर्फात बुडवलेले फडके ठेवले आहे असे वाटू लागले. वरचे सगळे कपडे उत्तम होते, तरी दात वाजायचे थांबेनात. तळावर परतून टी-शर्ट काढला तेव्हा तो पिळता येईल इतका ओला होता.

लोकरीचा गुण आपल्याकडे धनगर पिढ्यान्पिढ्या जाणतात. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढ्यांमागे उभा राहिलेला माणूस भिजतो, पण काकडत नाही, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा धाग्याच्या आत घेऊनही अंगाला ओली लागत नाही. घोंगडीची लोकर अंगाला टोचते, मेरिनोची टोचत नाही, एवढाच आपल्या कामापुरता फरक. दोन जोड पुरतात. मेरिनोला चटकन वास येत नाही.

दुसरा थर हवा धरून ठेवणारा: फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड), लोकरीचा स्वेटर किंवा पिसांचे जॅकेट. एका फार जाड कपड्यापेक्षा दोन मध्यम कपडे बरे, कारण चालताना एक काढता येतो. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडे मिळणारे स्वेटर या थराला चालतात, पण "प्युअर वूल" म्हणून जे विकले जाते ते बऱ्याचदा अॅक्रिलिक असते. शिवणीच्या आतला एक धागा ओढून सांडशीत धरून काडीपेटीने पेटवा. लोकर केस जळल्याचा वास देते आणि बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. अॅक्रिलिक असले तरी मधल्या थरात वापरता येते, केवळ लोकरीचा भाव देऊ नका. पिसांचे जॅकेट वजनाच्या मानाने सर्वांत उबदार, मात्र ओले झाले की ते चपटे होऊन निकामी होते. म्हणून ट्रॉम्सोसारख्या ओलसर ठिकाणी कृत्रिम तंतूंचे जॅकेट जास्त भरवशाचे.

तिसरा थर वारा आणि बर्फ अडवतो, पण आतली वाफ बाहेर सोडतो. आपला दुचाकीवर घालायचा रेनकोट वाफ सोडत नाही. तो घालून चाललात तर आतून भिजाल. या जॅकेटची टोपी मोठी हवी, काखेखाली चेन असेल तर उत्तम, आणि त्याची लांबी कमरेखाली यावी. माप घेताना आतले दोन्ही थर घालूनच दुकानात जा, दोन्ही हात वर करा आणि खाली वाका. कुठेही ताण आला तर एक माप मोठे घ्या.

या सैलपणावर माझा भर का आहे ते सांगते. नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०६ या काळात ग्योआ जहाजातून वायव्य मार्ग (कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक ते पॅसिफिक जाणारा समुद्रमार्ग) पार करत असताना कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक इनुइट लोकांच्या शेजारी दोन हिवाळे राहिले. हे लोक कातड्याचे कपडे अंगावर सैल, आत हवा खेळती राहील असे घालत, आणि त्यामुळे घाम साचत नसे. अमुंडसेन यांनी तो पोशाख स्वीकारला, आणि १४ डिसेंबर १९११ रोजी ते दक्षिण ध्रुवावर पोचले त्या मोहिमेतही या शिकवणीचा त्यांना उपयोग झाला. आपण कातडे घालणार नाही, पण सैलपणाचा धडा तोच आहे.

महिलांसाठी एक सूचना. खांद्यावर पट्टे असलेली पँट दिसायला सोयीची वाटते, पण उघड्यावर किंवा तंबूत स्वच्छतागृहाचा प्रश्न आला की सगळे थर उतरवावे लागतात. कमरेपाशी सुटणारी साधी जलरोधक पँट घ्या.

४. पाय: इथे काटकसर नको

लाँगयिअरब्येनच्या बाहेर एका दरीत आम्ही थांबलो होतो. बहिणीने पुण्याहून आणलेल्या बुटांत लोकरीच्या मोज्यांच्या दोन जोड्या घातल्या होत्या आणि नाड्या आवळून बांधल्या होत्या. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "ताई, आता पायाला थंडी वाजत नाहीये, बरं वाटतंय." हे ऐकताच आमच्या वाटाड्याने तिला तंबूत नेऊन बूट उतरवायला लावले. अंगठ्याशेजारची दोन बोटे मेणासारखी पांढुरकी आणि कडक झाली होती. त्याने ती चोळली नाहीत. स्वतःच्या उघड्या तळव्यांत तशीच धरून ठेवली. दहा मिनिटांनी त्यांत मुंग्या आल्या, मग ती इतकी दुखू लागली की बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि वाटाडा हसून म्हणाला की दुखते आहे हे चांगले लक्षण आहे. त्यानंतर त्याने एक मोजा काढून टाकला आणि नाड्या सैल केल्या. उरलेला दिवस त्याच बुटात, एका मोज्यावर, तिचे पाय गरम राहिले.

म्हणून बूट घेताना दुकानात जाड मोजे नेऊन संध्याकाळी जा, कारण दिवसभर चालून पाय किंचित सुजलेले असतात. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. नेहमीपेक्षा एक माप मोठे, जाड तळ, आणि शक्य असल्यास आतले नमद्याचे अस्तर बाहेर काढता येईल असे बूट निवडा; ते रोज रात्री काढून वाळवता येते. एक पातळ आणि एक जाड मोजा पुरेसा आहे, दोन जाड नकोत. किनाऱ्यावरच्या गावांत रस्त्यांवर काचेसारखा बर्फ साचतो, त्यासाठी बुटावर चढवायचे काटे लागतात. ते तिथल्या दुकानांतही सहज मिळतात.

कपाटातले जुने ट्रेकिंगचे बूट नेणार असाल तर आधी तळ वाकवून पाहा. आपल्या पावसाळ्यातल्या दमटपणाने पॉलियुरेथेनचा मधला थर आतल्या आत कुजतो. वरून बूट नवा दिसतो आणि चार तास चालल्यावर तळ सुटून हातात येतो.

५. हात, डोके आणि दागिने

पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र राहणारा पिशवीसारखा हातमोजा जास्त गरम असतो. त्याच्या आत पातळ लोकरीचा किंवा फ्लीसचा बोटांचा मोजा घाला, म्हणजे फोटो काढताना हात पूर्ण उघडा पडत नाही. लहान मुलांच्या मोज्यांना बांधतो तशी नाडी मोठ्या मोज्यांना बांधून ती जॅकेटच्या बाह्यांतून घ्या, कारण वाऱ्यात उडालेला मोजा परत मिळत नाही. आमच्या शिंपीकाकांनी नाडीबरोबरच प्रत्येक चेनीला बोटभर लांबीचा गोफ लावून दिला. मोजा घालून चेन ओढता येणे किती मोलाचे आहे ते तिथे कळते.

डोक्याला लोकरीची टोपी आणि तिच्यावर जॅकेटची टोपी. चेहऱ्यासाठी आपली माकडटोपी खरोखर कामाची आहे, मात्र ती पातळ आणि नाकापाशी श्वास सुटेल अशी हवी. जाड टोपीत श्वासाची वाफ साचून तिचा बर्फ होतो. सोबत असलेल्याच्या नाकाकडे आणि गालांकडे दर दहा मिनिटांनी पाहत जा. फिकट, मेणचट डाग दिसला तर उघडा तळवा त्यावर ठेवा आणि आडोशाला चला. बर्फाने चोळू नका, त्याने त्वचा फाटते.

दागिन्यांविषयी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. धातू त्वचेची उष्णता फार लवकर ओढून घेतो. कानातले, चमकी, बांगड्या आणि विशेषतः पायांतली जोडवी बाहेर पडण्याआधी काढून ठेवा. बुटात जोडव्याने बोट दाबले जाते आणि तिथेच आधी बधिरपणा येतो. मंगळसूत्र घालायचेच असेल तर ते थर्मलच्या वर आणि स्वेटरच्या आत ठेवा. चष्म्याची फ्रेम प्लॅस्टिकची असावी.

६. फोन, बॅटरी, पाणी, खाऊ

लिथियम बॅटरी थंडीत फार लवकर उतरते. फोन बाहेरच्या खिशात ठेवला तर ४० टक्के दाखवता दाखवता बंद पडतो. तो आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी मधल्या थराच्या आतल्या खिशात ठेवा. गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कॅमेरा आत आणण्यापूर्वी, बाहेरच असताना, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि तासाभराने उघडा, म्हणजे दव पिशवीवर जमते, भिंगावर नाही. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच लागते आणि १०० वॅट-तासांच्या आतील हवी. २०,००० मिलिअँपिअर-तासांची साधारण ७४ वॅट-तासांची असते. डोक्याला लावायचा दिवा विसरू नका.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठते, त्यामुळे सरळ केल्यावर झाकणाकडची बाजू मोकळी मिळते. एक चांगला थर्मास यापेक्षाही बरा. खाऊ म्हणून शेंगदाण्याची चिक्की उत्तम, पण ती घरीच लहान तुकडे करून न्या आणि आतल्या खिशात ठेवा, नाहीतर दात दुखावतील. युरोपबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, म्हणून तुपातले लाडू घरीच राहू द्या.

७. पुण्यातच तालीम करा

जानेवारीत पहाटे पाच वाजता आतकरवाडीहून सिंहगड चढा, अंगावर पहिला आणि दुसरा थर घालून. अर्ध्या वाटेत घाम येईल. तेव्हा कोणता कपडा, कुठे थांबून, किती वेळात काढता हे पाहा. वर पोचल्यावर पिठले-भाकरीची घाई न करता वाऱ्यात पंधरा मिनिटे स्थिर उभे राहा. पाठ गार पडली तर पहिला थर बदला.

दुसरी तालीम गच्चीवर. नवे थर्मल आणि एक सुती टी-शर्ट एकत्र भिजवून, पिळून रात्री दोरीवर टाका. पहाटे दोन्हींना हात लावा.

तिसरी, हातमोजे घालून घरभर वावरा: चेन लावा, चिक्कीचा कागद सोडा, फोन उचला, बुटाची नाडी बांधा. जे जमत नाही ते उणे २० मध्येही जमणार नाही.

८. कागदपत्रे आणि सामान

• पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत दिलेला आणि शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) परतण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध.
• शेंगेन व्हिसा: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, मी म्हणेन, दोन महिने हाताशी ठेवा.
• प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचा. स्नोमोबाइल आणि स्लेजसारखे प्रकार त्यात धरले आहेत का, हे पॉलिसीत वाचून घ्या.
• सफरींच्या आरक्षणाच्या प्रती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि नेहमीची औषधे.

इथला सापळा स्वालबार्डचा आहे. तो नॉर्वेचा भाग असला तरी शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. तिथे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता, म्हणून व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा लागतो. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद होते. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असल्याने तिथे वाटाड्याशिवाय जायचे नाही, हेही ध्यानात ठेवा.

बूट आणि बाहेरचे जॅकेट प्रवासात अंगावर किंवा हातात असू द्या. फेब्रुवारीअखेरच्या पुण्याच्या उन्हात ते जड वाटेल, पण मोठी बॅग वाटेत अडकली तर हेच तुम्हाला वाचवतात. पहिल्या थराचा एक जोड, हातमोजे, टोपी आणि औषधे हातातल्या बॅगेत ठेवा.

९. परतल्यावर

लोकरीचे कपडे थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत आडवे पसरून वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, नाहीतर पावसाळ्यात त्यांना कसर लागते आणि ऑक्टोबरमध्ये बाहेर काढाल तेव्हा काखेत भोके असतात; डांबरगोळ्या किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पिसांचे जॅकेट मात्र दाबून भरू नका, सुती पिशवीत सैल टांगा.